डावीकडे वळलेली मान

सक्करदरा, नागपूर
सोमवार, १३ मे १९७४

तीर्थस्वरूप मनोहरराव भाऊजी यांच्या चरणी त्यांच्या धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे विश्वनाथचा, दंडवत पोचावा.

आपली प्रकृती कशी आहे? गुडघा आता जिना चढू देतो की नाही, हे यमुताईने मागच्या पत्रात लिहिलं नाही. तिने नुसतं ‘ह्यांचं नेहमीचंच’ एवढं लिहिलं, त्यावरून गुडघा समजावा की स्वभाव, यावर इथे दोन दिवस चर्चा झाली. काटोलच्या विहिरीला पाणी आहे ना? इकडे सर्व कुशल आहोत (हे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, खरं म्हणजे मला आठ दिवस झोप नाही आणि प्रेमलता माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते). ऊन असं आहे की दुपारी बाराला सायकलच्या सीटवर बसायचं तर आधी सीटवर ओला रुमाल टाकावा लागतो. रेल्वेचा संप सुरू असल्याने टपालाचा काही भरवसा नाही, म्हणून हे पत्र एस.टी.चे कंडक्टर रुपराव यांच्या हाती पाठवतो आहे. ते आपल्याला वाड्यावर आणून देतील. त्यांना पाणी विचारावं.

आपण सुट्टी लागताच गावी गेलात, त्यामुळे मॅट्रिकच्या बीजगणिताच्या पेपरानंतर इथे काय काय झालं ते आपल्याला माहीत असण्याचं कारण नाही. हॉल नंबर तीनमध्ये आपण दोघेच सुपरव्हिजनला होतो, तेव्हा सुरुवात आपण जाणताच. तरी क्रमाने सांगतो, कारण क्रमाने सांगितलं नाही तर मीच त्यात कुठेतरी हरवतो.

सुपरव्हिजनची विद्या मला आपण दिलीत, हे मी कधी विसरलेलो नाही. सोळा वर्षांपूर्वी पहिल्यांदा हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हा मी आपला टेबलापाशी बसून मुलांच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि आपण माझी कीव केली होती. समोरून पाहिलं तर प्रत्येक मुलगा साधुसंत असतो, नेहमी मागून पाहावं, मान खोटं बोलत नाही, असं आपण शिकवलंत. तेव्हापासून मी माना पाहत आलो. मान पुढे झुकलेली असली तर लिहितो आहे, वर असली तर आठवतो आहे, वळलेली असली तर चोरतो आहे. या तीन कलमांवर मी सोळा वर्षांत एकतीस जणांना उठवलं, आणि मुलं मला पाठीमागे ‘घार’ म्हणतात याचा (आता सांगायला हरकत नाही) मला फार अभिमान होता.

तर त्या दिवशी तिसऱ्या ओळीतली ती पोरगी. नाव गोपिका, मौद्याकडच्या एका खेड्यातली, वडील शालिकराम शेती करतात. मी मागच्या भिंतीला पाठ लावून उभा होतो. तिची मान डावीकडे वळलेली, आणि डावीकडे हातभर अंतरावर दुसऱ्या मुलीचा पेपर. सरळ होईल म्हणून पाच मिनिटं पाहिलं. दहा मिनिटं पाहिलं. इतका निर्लज्जपणा मी सोळा वर्षांत पाहिला नव्हता, कारण चोरणारी मान एका जागी राहत नाही, ती येते-जाते. ही आपली वळून ठाण मांडून बसली होती. हात मात्र भराभर चालू. एक वाजून वीस मिनिटांनी मी मागून जाऊन तिचा पेपर उचलला. ती घाबरून उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मी माह्याच पेपरात पाहून राहिली होती.” हे ऐकून माझा संताप अधिकच वाढला. चाळीस मिनिटं शिल्लक असताना तिला बाहेर काढलं, गैरप्रकाराचा अहवाल भरला, खाली माझी सही केली, आणि त्याखाली प्रत्यक्ष पाहणारे दुसरे पर्यवेक्षक म्हणून आपली सही झाली. घरी येऊन मी प्रेमलतेला सगळा प्रसंग साभिनय करून दाखवला (मान वळवून वगैरे) आणि त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी शालिकराम मुलीला घेऊन आमच्या घरी आले. भांडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या पालकांची मला सवय आहे. हे गृहस्थ ओट्यावर बसले आणि त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “सर, पैदा झाली तवापासून पोरगी असीच पाह्यते. समोरचं पाह्याचं असलं का तोंड बाजूले करते. आमी समजलो लाजते.” गावच्या शाळेत ती कायम डाव्या हाताला भिंत असलेल्या जागी बसायची, त्यामुळे तिची मान भिंतीकडे वळलेली पाहून कोणाला काही वाटायचं कारण नव्हतं. भिंतीवर उत्तरं लिहिलेली नसतात. नागपूरला परीक्षा केंद्र आलं आणि भिंतीच्या जागी दुसऱ्या मुलीचा पेपर आला, एवढाच काय तो फरक.

मी अर्थातच यातलं काही मानलं नाही. अशा सबबी मी तयार करून ठेवलेल्या पाहिल्या आहेत. पण प्रेमलता ताक घेऊन बाहेर आली, तिने त्या मुलीकडे जरा वेळ पाहिलं आणि आत जाऊन सुईदोरा आणला. गोपिकेने सुई नाकासमोर धरली, तोंड डावीकडे फिरवलं, इतकं की ती आमच्या तुळशीकडे पाहते आहे असंच वाटावं, आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवला. मग प्रेमलतेने तिची हनुवटी धरून तोंड सरळ केलं आणि आता ओव म्हणाली. दोरा सुईच्या आजूबाजूला फिरत राहिला. प्रेमलता माझ्याकडे वळून म्हणाली, “हिचे डोळे हलून राहिले. तुम्हाला दिसलं नाही का?” मी म्हणालो की हॉलमध्ये डोळे पाहायचे नसतात, मान पाहायची असते. तेव्हापासून ती फक्त कामापुरतं बोलते.

जेठ महिन्यात मुलीचं लग्न करायचं असा शालिकरामच्या भावकीचा आग्रह आहे. मॅट्रिक झाली तर नर्सच्या ट्रेनिंगला पाठवीन, नाही झाली तर तुम्ही म्हणाल तिथे देईन, असा शब्द त्यांनी भावांना देऊन ठेवला आहे. पेपर रद्द झाला तर ती नापास, वर पुढच्या दोन परीक्षांना बंदी. जेठ दहा दिवसांवर आहे, भाऊजी.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला आणि शालिकरामना घेऊन धंतोलीत मधुसूदन डॉक्टरांकडे गेलो. माझा हेतू चांगला नव्हता, हे आपल्यापासून लपवत नाही. बनावट उघडी पडावी म्हणून गेलो होतो. मधुसूदन डोळ्यांचा डॉक्टर म्हणून आता नावाजलेला आहे, पण आठवीत माझ्याच वर्गात होता आणि खिडकीबाहेर पाहतो म्हणून मी त्याला पुष्कळदा उभा केला होता. (तो हे विसरलेला नाही.) त्याने अर्धा तास तिचे डोळे तपासले आणि मग मला खुर्चीवर बसवलं. त्याने माझ्या हाती एक आरसा दिला आणि म्हणाला, सर, आधी आरशातला आपला डावा डोळा पाहा, मग उजवा, मग परत डावा. मी पाहिलं. मग त्याने विचारलं की डोळे हलताना दिसले का. मी म्हटलं, हललेच नाहीत, स्थिर होते. तो हसला आणि म्हणाला की सर, मला समोरून दिसून राहिले, चांगले टणाटण उड्या मारत होते. मी तीन वेळा करून पाहिलं, भाऊजी. स्वतःचे डोळे हलताना स्वतःला दिसतच नाहीत. शालिकरामनीही आरसा घेऊन पाहिलं आणि आरशाच्या मागेही पाहिलं.

मधुसूदनचं म्हणणं असं, की आपण एका जागी टक लावून पाहतो हा आपला गैरसमज आहे. जागेपणी प्रत्येक माणसाचे डोळे सेकंदाला तीन-तीनदा जागा बदलतात. बुबुळ उडी मारतं, क्षणभर ठरतं, पुन्हा उडी मारतं. जे काही दिसतं ते त्या ठरलेल्या क्षणात, उडीच्या वेळी काहीच नाही. स्पष्ट दिसणारी जागा लांब धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी, बाकी सगळं धुरकट, म्हणून डोळ्याला सारखं जावं लागतं. या मुलीचा डोळा सरळ समोर धरला की ठरतच नाही, थरथरत राहतो. पण बुबुळं उजव्या कोपऱ्यात नेली की थरथर थांबते. म्हणून समोरचा कागद वाचायचा तर तिला बुबुळं उजवीकडे न्यावी लागतात आणि त्यासाठी तोंड डावीकडे फिरवावं लागतं. हे त्याने सांगितलं तेव्हा मी नुसती मान डोलावत होतो, आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं की मी मागून पाहत असताना तिचं नाक तेवढं शेजारच्या पेपरकडे होतं. डोळे सबंध वेळ स्वतःच्या पेपरावर होते. मी पाणी मागितलं, तर मधुसूदन म्हणाला, सर, समोरच्या कॅलेंडरवरून नजर न काढता स्वतःच ओतून घ्या. मी ओतलं. अर्धं पाणी त्याच्या टेबलावर गेलं आणि तिच्या सर्टिफिकेटचा पहिला कागद त्याला पुन्हा लिहावा लागला.

त्या दिवसापासून मला एक रोगच जडला. मी सोळा वर्षं माना पाहिल्या, आता डोळे पाहू लागलो. प्रेमलता चहा करते तेव्हा हात गॅसच्या बटणावर असतो आणि डोळे साखरेच्या डब्यावर जाऊन पोचलेले असतात. हात डब्यापाशी येतो तोवर डोळे गाळणीकडे निघून गेलेले. डोळे पुढे जाऊन वाट मोकळी करतात आणि हात मागाहून येतो. वीस वर्षं या बाईने माझ्यासमोर चहा केला आणि मी हे पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं (कामापुरतं बोलून). मग मी रस्त्यावर निघालो. सायकल चालवताना समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याचे डोळे पाहावेत, तर तो वळणावर येण्याच्या आधीच वळणाच्या आतल्या कडेला पाहतो आणि मग चाक तिकडे जातं. हे मला इतकं पटलं की मी स्वतः कोणीकडे पाहतो आहे हे विसरलो आणि नालीत गेलो. खरचटलं आहे, विशेष नाही.

खरं लागलं ते जरीपटक्याच्या बाजारात. तिथे तुळसाबाई नावाची एक भाजीवाली आहे. एकीचं वांगं तराजूत टाकताना तिची नजर दुसरीच्या पिशवीवर, तिसरीने उचललेल्या टमाट्यावर आणि परत काट्यावर, इतक्या चपळाईने फिरते की मी तिच्या पाटीपाशी उभाच राहिलो. पाव तास उभा असेन. ती एकाएकी थांबली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, “काहून पाहून राहिले गा मास्तर कवापासून?” वीस-पंचवीस माणसं जमली. मी म्हणालो की बाई, मी तुमच्याकडे पाहत नव्हतो, तुमच्या डोळ्यांकडे पाहत होतो. भाऊजी, याहून वाईट उत्तर मला आजवर एकाही विद्यार्थ्याने दिलेलं नाही. एकाने माझी सायकल धरली, एकाने कोणत्या शाळेत शिकवता ते विचारलं. मी कारल्यांची अख्खी पाटी विकत घेतली तेव्हा सुटलो. (आमच्याकडे आठवडाभर कारली आहेत, हेही प्रेमलतेच्या न बोलण्याचं एक कारण आहे.) पण सायकल हातात धरून घरी येताना मला रडू आलं, हे तुम्हाला लिहितो. त्या पंचवीस जणांपैकी मी काय पाहत होतो हे एकानेही पाहिलं नव्हतं. माझी मान कोणीकडे होती तेवढंच सगळ्यांनी पाहिलं होतं. मी खरं सांगत होतो आणि ते खरं कोणाला नको होतं. हॉलमध्ये ती पोरगी उभी राहून खरं सांगत होती तेव्हा मीही तो बाजारच होतो.

परवा, शनिवारी, बोर्डाच्या चौकशी समितीची पहिली बैठक झाली. अध्यक्ष बाबाराव हे निवृत्त हेडमास्तर, कडक, पण माणूस ऐकून घेणारा. मी माझ्या तोंडाने सांगितलं की चूक माझी आहे. त्यांनी सर्टिफिकेट दोनदा वाचलं. मग गोपिकेला खुर्चीवर बसवलं, हाती वर्तमानपत्र दिलं आणि मला म्हणाले, मास्तर, तुम्ही नेहमी उभे राहता तसे तिच्या मागे उभे राहा आणि ती कुठे पाहते ते सांगा. मी मागे जाऊन उभा राहिलो. मी म्हणालो, डावीकडच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. आणि गोपिकेने वर्तमानपत्रातली संपाची बातमी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवली, एकदाही न अडखळता. शालिकरामनी टोपी डोक्यावर घातली. मला वाटलं, सुटलो.

बाबारावांनी अहवाल पुढे ओढला आणि दोन्ही सह्यांवर बोट ठेवलं. म्हणाले, “एका माणसाची नजर चुकते, मास्तर, हे मी मान्य करतो. पण दुसरे पर्यवेक्षक दुसऱ्या टोकाला उभे होते, त्यांना समोरून दिसत असणार. दोघांची एकच चूक कशी होईल?” आजारी मुलगी नक्कल करत नाही असं सर्टिफिकेटात कुठे लिहिलं आहे, असंही ते म्हणाले. निकाल येत्या शनिवारवर, १८ तारखेवर, टाकला आहे. दोन्ही पर्यवेक्षकांनी समक्ष हजर राहावं, नाहीतर अहवाल आहे तसा कायम होईल. शालिकरामनी टोपी पुन्हा काढली आणि मुलीला घेऊन बसस्टँडकडे गेले.

असो. पत्र लांबलं. उन्हातून फिरू नये, गुडघ्याला तीळतेल चोळत जावं. यमुताईला नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर पोटात घालावं.

आपला आज्ञांकित,
विश्वनाथ

ता. क. : काटोलहून सकाळी साडेसातची एस.टी. धरली तर आपण दहाला इथे पोचता. समितीची बैठक अकराला आहे. हे आपलं सहज कळवलं.

ता. क. २ : वर मी आपण हॉलमध्ये होतात असं लिहिलं आहे. ते आपला मान ठेवून लिहिलं. भाऊजी, त्या दिवशी साडेबाराला आपण कडुलिंबाखालच्या टपरीवर तर्री-पोहे खायला गेलात ते दीडला परत आलात. दारातच मी आपल्यापुढे अहवाल धरला आणि आपण उभ्या-उभ्या, न वाचता, सही केलीत. यात आपला दोष काढत नाही. तुम्ही गेलात तर मी करायची आणि मी गेलो तर तुम्ही, असंच आपण सोळा वर्षं करत आलो. एकतीस अहवाल झाले, एकदाही आपण एकमेकांचं वाचलेलं नाही. आपल्या सहीशेजारी तर्रीच्या तेलाचा बोटाएवढा डाग आहे. बाबारावांनी तो कागद उजेडाकडे धरून हे काय म्हणून विचारलं, आणि मी लाल शाई म्हणालो. मला आपलं नाव घ्यायचं धैर्य झालं नाही. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला खोटा ठरवायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. तेव्हा आपण स्वतः येऊन ‘मी तिथे नव्हतो’ एवढे तीन शब्द सांगावेत, यासाठी हे सगळं पत्र आहे.

ता. क. ३ : प्रेमलतेने आत्ता पत्र वाचलं. एवढ्याशा मागणीला इतकी पानं कशाला, असं म्हणून तिने यमुताईला चार ओळींची वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. ती आधी द्यायची आणि माझं पत्र मागून, असं तिने रुपरावला बजावलं आहे. तेव्हा आपण हे वाचत असाल तेव्हा यमुताईला सारं ठाऊक असेल, आणि बहुधा ती समोरच उभी असेल. याबद्दल क्षमा असावी.

ता. क. ४ : एक सांगायचं राहिलं. समितीच्या खोलीतून बाहेर पडताना गोपिका माझ्यापाशी थांबली होती. ती म्हणाली, “सर, तुमी एक डाव समोरून येऊन काहून नाई पाह्यलं?” टेबलापासून तिच्या बाकापर्यंत चार पावलं होती. शनिवारी ती आपल्यालाही काही विचारील. तिचं तोंड त्या वेळी भिंतीकडे असेल, भाऊजी, पण ती आपल्याकडेच पाहत असेल.